विकला गेलेला बादशहा : बेब रूथ

इंदूरकरांना १८९५ या सालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नागपुरात सी. के. नायडू जन्मले, पुढे होळकर संस्थानाच्या बोलावण्यावरून आपल्या गावी आले आणि इथलेच होऊन गेले. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉर्ज हर्मन रूथ नावाचा मुलगा जन्मला. चेंडू मैदानाबाहेर भिरकावून द्यावा आणि लोकांनी टोप्या उडवाव्यात, हे वेड या दोघांनी आपापल्या देशाला लावले. फरक एकच. आपले कर्नलसाहेब शिस्तीचे कमालीचे कडक, तर रूथची आणि शिस्तीची आयुष्यभर गाठभेट झाली नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले आणि नातवंडे आता अमेरिकेत आहेत. तिकडे गेल्यावर बेसबॉलचा सामना दाखवायला नेतात आणि आपण तीन तास काही न कळता पॉपकॉर्न खातो. त्या खेळाची गोडी लागायची असेल, तर आधी या माणसाची गोष्ट माहीत असावी. खेळाडूंची खरेदी-विक्री, खालच्या लीगमधली पायपीट, मालकांचे हिशेब, चाहत्यांच्या अंधश्रद्धा, सारे काही या एका आयुष्यात आहे.

जॉर्जच्या वडिलांचा दारूचा गुत्ता होता. आईवडिलांना आठ मुले झाली, त्यांतली जॉर्ज आणि त्याची बहीण ही दोनच जगली. गुत्त्याच्या वरच्या मजल्यावर वाढणारा हा मुलगा शाळा बुडवायचा, गल्ल्यांत उंडारायचा, तंबाखू चघळायचा. हा आपल्याच्याने सांभाळला जाणार नाही असे ठरवून आईवडिलांनी १९०२ साली, तो सात वर्षांचा असताना, त्याला सेंट मेरीज या मुलांच्या औद्योगिक शाळेत घातले. अनाथ आणि हाताबाहेर गेलेली मुले ठेवण्याची ती जागा, चालवणारे कॅथलिक धर्मबंधू. मधूनमधून घरी जाऊन आला तरी पुढची बारा वर्षे तेच त्याचे घर होते. तिथे तो शर्ट शिवायला शिकला. खेळाडू झाला नसता, तर बाल्टिमोरमध्ये एक धिप्पाड शिंपी पाहायला मिळाला असता.

पण त्या शाळेत ब्रदर मथायस होते. सहा फुटांहून उंच, शांत स्वभावाचा हा माणूस एका हाताने चेंडू उडवायचा आणि तो कुंपणापार जायचा. लहानगा जॉर्ज आ वासून पाहत राहायचा. त्यांची बॅट धरण्याची पद्धतच नव्हे, तर छोटी पावले टाकत पळण्याची लकबही त्याने उचलली. जॉर्ज डावखुरा, शाळेत डावखुऱ्यांचे हातमोजे नव्हते, म्हणून उजव्यांचा मोजा घालून चेंडू झेलायचा आणि मोजा काढून त्याच हाताने फेकायचा. पुढे पैसा हाती आल्यावर त्याने ब्रदर मथायसना कॅडिलॅक मोटार घेऊन दिली.

फेब्रुवारी १९१४ मध्ये बाल्टिमोर ओरियोल्स या संघाचे मालक जॅक डन यांनी त्याला ६०० डॉलरच्या करारावर घेतले. हा संघ मायनर लीगमधला होता. मायनर लीग म्हणजे वरच्या संघांखालची पायरी : खेळाडूंना पगार मिळतो, गावाला स्वतःचा संघ मिळतो आणि प्रत्येकाचे डोळे वर लागलेले असतात. एकोणीस वर्षांच्या रूथने जग पाहिलेलेच नव्हते. सरावासाठी नॉर्थ कॅरोलिनात नेले तेव्हा हॉटेलातल्या लिफ्टने त्याला वेडे केले. वरखाली करताना एकदा डोके अडकता अडकता वाचले असे सांगतात. डन यांच्या मागे फिरणारे हे बाळ पाहून जुन्या खेळाडूंनी त्याला ‘बेब’ म्हणायला सुरुवात केली. ते नाव मरेपर्यंत टिकले.

त्या वर्षी ओरियोल्स पहिल्या क्रमांकावर होते, पण मैदान रिकामे. शहरात फेडरल लीग या नव्या स्पर्धेचा संघ आला होता आणि रस्त्याच्या पलीकडेच खेळत होता. लोक तिकडे जायचे. जिंकून जिंकून डन यांचे दिवाळे निघायची पाळी आली. शेवटी जुलैमध्ये त्यांनी रूथला आणि आणखी दोन खेळाडूंना बॉस्टन रेड सॉक्सला विकून टाकले. ही रूथची पहिली विक्री. बॉस्टनने त्याला थोडे वापरले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा खालच्या लीगमध्ये, प्रॉव्हिडन्सच्या संघाकडे पाठवले. तिथे ५ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडातल्या टोरांटोजवळच्या हॅन्लन्स पॉइंट मैदानावर त्याने एक होमरन मारला. होमरन म्हणजे चेंडू कुंपणाबाहेर, आपल्या षटकारासारखा. चेंडू थेट तळ्यात पडला अशी दंतकथा आहे. पुढे जगाला होमरनचे वेड लावणाऱ्या माणसाचा मायनर लीगमधला हा एकुलता एक होमरन.

तेव्हा तो फलंदाज नव्हताच. तो पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि अव्वल दर्जाचा. १९१६ साली त्याने २३ सामने जिंकून दिले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिनविरुद्ध १४ डावांचा सामना एकट्याने फेकून २-१ असा जिंकला. रागही तेवढाच मोठा. २३ जून १९१७ रोजी त्याने पहिल्याच फलंदाजाला चार चेंडू वाइड टाकून पहिल्या बेसवर जाऊ दिले, पंचाशी हुज्जत घातली आणि पंचाला ठोसा लगावला. मैदानाबाहेर हाकलला गेला. त्याच्या जागी आलेल्या अर्नी शोरने एकालाही धावू दिले नाही : बेसवरचा खेळाडू चोरटी धाव घेताना बाद झाला आणि पुढचे सगळे २६ शोरने परत पाठवले. बेसबॉलच्या इतिहासात इतक्या यशस्वीपणे कुणी सामना सोडून गेले नसेल.

पण लोक त्याचे चेंडू पाहायला नव्हे, त्याची बॅट पाहायला येऊ लागले. १९१९ साली त्याने २९ होमरन मारले. एका मोसमात एवढे तोवर कुणीही मारले नव्हते. मग त्याने पगार १० हजारांवरून २० हजार डॉलर करून मागितला. रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी हे मुळात नाटकवाले, न्यूयॉर्कला नाटके काढणारे. पैशांची चणचण कायमची. २६ डिसेंबर १९१९ रोजी त्यांनी रूथला न्यूयॉर्क यँकीजला १ लाख डॉलरला विकण्याचा करार केला. शिवाय यँकीजच्या मालकांकडून ३ लाख डॉलरचे कर्ज घेतले, ज्याला तारण होते बॉस्टनचे फेनवे पार्क हे मैदान. म्हणजे खेळाडू गेलाच, वर मैदानही प्रतिस्पर्ध्याकडे गहाण!

आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी इथे एक फरक लक्षात घ्यावा. आजचा खेळाडू स्वतः नाव देतो आणि बोलीची रक्कम त्याच्या पदरात पडते. त्या काळी करारातल्या एका कलमामुळे खेळाडू कायमचा संघाचा असे. मालकाने विकला तर विकला जायचा, ठेवला तर राहायचा. दुसरीकडे जाण्याचा हक्क त्याला नव्हता. त्या १ लाखातला हिस्सा रूथने मागून पाहिला, मिळाला नाही. न्यूयॉर्ककडून पगार मात्र वाढवून घेतला.

या सौद्याने दोन शहरांचे दैव पालटले. बॉस्टनने १९१५, १९१६ आणि १९१८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली होती. यँकीजने एकदाही नाही. रूथ गेल्यानंतर बॉस्टनला पुढचे विजेतेपद मिळायला २००४ साल उजाडले. मधल्या काळात चाहत्यांनी याला बेबचा शाप म्हणायला सुरुवात केली. आजोबा वाट पाहत गेले, वडील वाट पाहत गेले, नातवाला विजय दिसला. इकडे यँकीजचे वैभव सुरू झाले. १९२० साली रूथने ५४ होमरन मारले. एक संघ सोडला तर बाकी कुठल्याही पूर्ण संघाला मिळून तेवढे जमले नाहीत. त्या वर्षी यँकीजचे सामने पाहायला १२ लाखांहून अधिक लोक आले. गंमत अशी की यँकीज तेव्हा जायंट्स संघाच्या मैदानावर भाडेकरू होते. भाडेकरूकडे मालकापेक्षा जास्त पाहुणे येऊ लागले, तर काय होते हे कुठल्याही वाड्यात राहिलेल्या माणसाला ठाऊक आहे. मालकाने जागा सोडायला सांगितली. यँकीजने नदीपलीकडे स्वतःचे प्रचंड स्टेडियम बांधले आणि १८ एप्रिल १९२३ रोजी, उद्घाटनाच्याच सामन्यात, रूथने तिथे होमरन मारला.

त्याच्या खाण्यापिण्याच्या कहाण्यांवर वेगळा ग्रंथ होईल. १९२५ साली सरावाच्या दौऱ्यात तो कोसळला, शस्त्रक्रिया झाली; हॉट डॉग आणि सोडा अति झाल्याने असे वर्तमानपत्रांनी छापले आणि देशभर त्याच्या पोटदुखीची चर्चा झाली. त्याच वर्षी अंगापिंडाने लहानखुऱ्या मिलर हगिन्स या व्यवस्थापकाने बेशिस्तीबद्दल त्याला ५ हजार डॉलर दंड ठोठावला आणि रूथला नमते घ्यावे लागले. सहकाऱ्यांची नावे लक्षात राहत नसत, म्हणून सरसकट सगळ्यांना पोरा म्हणून हाक मारायचा. उन्हात टोपीखाली कोबीचे थंडगार पान ठेवायचा. १९२६ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना एका धावेने मागे असताना त्याने दुसरा बेस चोरायचा प्रयत्न केला, बाद झाला आणि तिथेच सिरीज संपली. दुसऱ्याच वर्षी, १९२७ साली, त्याने ६० होमरन मारले. हा विक्रम ३४ वर्षे टिकला. १९३० साली त्याचा पगार ८० हजार डॉलर होता, राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यापेक्षा ५ हजारांनी जास्त.

या झगमगाटाला काळ्या बाजूही होत्या. दारू आणि बाहेरख्यालीपणा यांमुळे पहिली पत्नी हेलन हिच्याशी संसार टिकला नाही. वेगळी राहत असताना १९२९ च्या जानेवारीत ती घराला लागलेल्या आगीत गेली. आणि ज्या लीगचा तो बादशहा होता, तिचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत बंद होते. जॉश गिब्सनसारख्या जबरदस्त फटके मारणाऱ्यांशी त्याची तुलना त्या लीगच्या मैदानावर कधी होऊच शकली नाही. मुलांवर मात्र त्याचा जीव होता. इस्पितळांत, अनाथालयांत तो तासन्‌तास बसायचा. सेंट मेरीज शाळा आगीत जळाली, तेव्हा निधी जमवण्यासाठी १९२० साली शाळेचा बँड त्याच्या संघाबरोबर गावोगाव फिरला.

१९३४ साली जपानच्या दौऱ्यासाठी पासपोर्ट काढताना कळले की आपण जन्मतारीख चुकीची सांगत आलो. तो स्वतःला एक वर्षाने मोठा समजत होता! जपानने त्याला डोक्यावर घेतले. पण मायदेशी त्याची एकच इच्छा अपुरी होती : कधीतरी आपण संघाचे व्यवस्थापक व्हावे. यँकीजच्या मालकांनी त्याला नेवार्कचा संघ देऊ केला होता. नेवार्क म्हणजे मायनर लीग. ज्याने मैदाने भरली, त्याने आता पुन्हा खालच्या पायरीवर उमेदवारी करायची? त्याने नकार दिला. स्वतःला न सावरणारा माणूस पंचवीस जणांना काय सावरणार, असा मालकांचा हिशेब होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण त्याच्या जिवावर जे श्रीमंत झाले, त्यांनी तो हिशेब मांडला, हे रूथला लागले.

१९३५ साली तो बॉस्टनला परतला, पण रेड सॉक्सकडे नव्हे, ब्रेव्ज या दुबळ्या संघाकडे. उपाध्यक्ष, सहाय्यक व्यवस्थापक अशी पदे मिळाली. ती नावापुरती आहेत आणि तिकिटे खपवायला आपल्याला आणले आहे, हे त्याला लवकरच उमगले. चाळिशीचे, सुटलेले शरीर, दुखरे गुडघे. तरीही २५ मे १९३५ रोजी पिट्सबर्गमध्ये त्याने एकाच सामन्यात तीन होमरन मारले. तिसरा फोर्ब्स फील्डच्या उजव्या बाजूचे छप्पर ओलांडून बाहेर गेला. तो ७१४ वा आणि शेवटचा. आठवडाभरात त्याने खेळ सोडला. ७१४ चा आकडा १९७४ पर्यंत, हँक आरनने ओलांडेपर्यंत, उभा राहिला.

१९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्या पहिल्या पाच जणांत तो होता. १९३८ साली ब्रुकलिनने त्याला प्रशिक्षक म्हणून घेतले, तेही गर्दी जमवण्यासाठीच. मग कुणाचेच बोलावणे आले नाही. कर्करोगाने खंगलेला रूथ जून १९४८ मध्ये यँकी स्टेडियमवर शेवटचा आला, तेव्हा बॅटचा काठीसारखा आधार घेऊन उभा होता. १६ ऑगस्ट १९४८ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो गेला. स्टेडियममध्ये ठेवलेल्या पार्थिवाच्या दर्शनाला लाखाच्या घरात लोक आले. मुलांना खांद्यावर घेऊन बाप रांगेत उभे होते.

सात वर्षांचा असताना आईवडिलांनी ज्याला दुसऱ्यांच्या हवाली केले, त्याला पुढे एका मालकाने दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येक वेळी विकणारा पस्तावला. त्याच्यावर मालकी सांगणारे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहेत. कुंपणाबाहेर चेंडू गेला की ज्यांना अजून त्याचे नाव आठवते, ते सारे त्या रांगेतल्या मुलांचे वारस आहेत.