स्टेथोस्कोप कोणी बनवला? रेने लाएनेक यांची गोष्ट आणि ‘लब-डब’चा अर्थ

आता मोबाइलला जोडता येणारा डिजिटल स्टेथोस्कोप मिळतो. तो हृदयाचे ठोके रेकॉर्ड करतो आणि स्क्रीनवर आलेखही दाखवतो. मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडे छातीत धडधडलं की लोक सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची वाट धरतात. तिथे काय किंवा गावच्या दवाखान्यात काय, डॉक्टरांच्या गळ्यात ती साधी नळी असतेच. ती शोधणाऱ्या माणसाचं आयुष्य मी वाचलं, आणि मला वाटलं की हे तुम्हालाही सांगायला हवं.

रेने लाएनेक यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1781 रोजी फ्रान्समधल्या किम्पेर गावी झाला. आई लहानपणीच गेली. नांत शहरातल्या डॉक्टर काकांनी त्यांना वाढवलं. 1801 मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले. बासरी वाजवणं आणि लेथवर लाकूडकाम करणं, हे त्यांचे दोन छंद.

1816 मध्ये पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी त्यांच्यासमोर आली. तेव्हा डॉक्टर थेट छातीला कान लावायचे. इथे ते अवघड होतं. लाएनेक यांना आठवलं की लाकडी ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. ठोके कधी नव्हे इतके स्वच्छ ऐकू आले! मग त्यांनी लेथवर लाकडाची नळी घडवली.

खरं काम पुढे होतं. पेशंट जिवंत असताना ऐकलेले आवाज ते लिहून ठेवत. तो दगावला तर शवविच्छेदनात दिसलेल्या बिघाडाशी ते ताडून बघत. 1819 मध्ये त्यांचा ग्रंथ आला. फुप्फुसांच्या आवाजांचा अर्थ त्यांनी अचूक लावला. हृदयाच्या बाबतीत मात्र चुकले. दुसरा ठोका वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं त्यांना वाटलं.

क्षयरोगाचे आवाज जगाला शिकवणाऱ्या या डॉक्टरलाच क्षयाने गाठलं. पुतण्याने त्यांच्याच पद्धतीने छाती तपासली, आणि निदान स्पष्ट झालं. 13 ऑगस्ट 1826 रोजी, 45व्या वर्षी ते वारले.

त्यांची चूक पुढच्या पिढीने दुरुस्त केली. हृदयात 4 झडपा असतात. खालचे कप्पे आकुंचन पावू लागले की कप्प्यांमधल्या 2 झडपा बंद होतात, तो ‘लब’. रक्त बाहेर गेल्यावर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या 2 झडपा मिटतात, तो ‘डब’.

मग मर्मर म्हणजे काय? शेतातल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी सूंऽ आवाज करतं ना, तसंच. झडप अरुंद झाली किंवा गळू लागली की रक्त खळबळत वाहतं. ‘लब’ आणि ‘डब’च्या मधला मर्मर कधीकधी निरुपद्रवीही असतो. लहान मुलांत, तापात, रक्त कमी असताना किंवा गरोदरपणात तो ऐकू येऊ शकतो. ‘डब’नंतरचा मर्मर मात्र बहुधा झडपेच्या आजाराचा असतो. तिथे इकोची सोनोग्राफी लागतेच.

यातला एक धोका टाळता येतो. मुलांचा घसा काही विशिष्ट जंतूंमुळे दुखत असेल आणि औषध अर्धवट सोडलं, तर पुढे ऱ्हुमॅटिक ताप येऊन झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. म्हणून घरात लहान भावंडाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि दिलेला कोर्स पूर्ण करा. आणि ॲपमध्ये ठोके रेकॉर्ड केले असतील तर तेही त्यांना ऐकवा, पण निदान त्यांनाच करू द्या.