सोमवार दुसरा कसा?

माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत डिचोलीकडच्या एका शाळेत दोनच वर्षे गेले. एक ते शंभर आकडे त्यांना पोर्तुगीजमध्ये पाठ होते. सोमवारला काय म्हणतात, असे मास्तरांनी विचारताच त्यांनी हिशेबाने ‘प्रिमैरा’, म्हणजे पहिला, असे सांगितले. वर्ग हसला, हातावर पट्टी बसली आणि आजोबांनी शाळा सोडली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिला मीच. त्या सोमवारचा माग काढताना मला ब्रागाचे बिशप संत मार्तिन्यो भेटले.

त्यांचा जन्म इ. स. ५२० च्या सुमारास पान्नोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूस झाला. पूर्वेकडील पवित्र भूमी पाहून ५५० च्या सुमारास ते आजच्या पोर्तुगालच्या उत्तरेस आले. तेथे स्वेवी लोकांचे राज्य होते. त्यांना कॅथलिक पंथात आणण्यात मार्तिन्यो यांचा मोठा वाटा. ब्रागाजवळ दुमे येथे त्यांनी मठ स्थापला. ५७२ ची ब्रागाची धर्मसभा त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली. ५८० च्या आसपास ते वारले.

खेडुतांना सुधारण्यासाठी त्यांनी एक छोटे लॅटिन पुस्तक लिहिले, तेही मुद्दाम साध्या भाषेत. मंगळ, बुध अशा रोमन देवांची नावे वारांना देऊ नयेत, हा त्यातला एक आग्रह. वार आकड्यांनी मोजण्याची रीत चर्चमध्ये आधीपासून होतीच; ती लोकांच्या तोंडी बसवल्याचे श्रेय मात्र पोर्तुगीज परंपरा त्यांना देते. स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये ते देव अजून नांदतात. पोर्तुगीजमध्ये रविवार हा प्रभूचा दिवस, ‘दोमिंगो’. तो पहिला धरायचा आणि सोमवारपासून ‘सेगुंदा’, ‘तेर्सा’, ‘क्वार्ता’, ‘किंता’, ‘सेश्ता’ असे मोजत जायचे, शनिवार ‘साबादो’. बरे, एरवी तिसरीला ‘तेर्सैरा’ म्हणतात, वाराला तेवढे जुने ‘तेर्सा’. पुढचा ‘फैरा’ शब्द स्त्रीलिंगी, म्हणून आकडाही स्त्रीलिंगी. एवढे सगळे सात वर्षांच्या पोराने ओळखायचे!

मार्तिन्यो यांचा मला थोडा रागही येतो. खेडुतांच्या भाषेत बोलणारा हा माणूस त्यांच्याच तोंडचे शब्द काढून घ्यायला निघाला होता. गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून १९६१ पर्यंत राहिले, पण कोकणीत ख्रिस्ती घरांतही सोमार आणि मंगळारच राहिले.

हे सारे मी आजोबांना सांगितले. रविवार पहिला, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. मग बोटांवर मोजून पाहिले आणि म्हणाले, की मास्तरांनी तेव्हा एवढेच सांगितले असते तरी पुरे होते.