टायफॉइड मेरी : स्वतः ठणठणीत, हातात मात्र जंतू

रिपोर्टमध्ये औषधांना दाद न देणारा जंतू निघाला, पण तुम्हाला त्रास काहीच नाही. कामावर जायचं की नाही? उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये पापड लाटणाऱ्यांना, दाल-पकवानची गाडी लावणाऱ्यांना हा पोटाचा प्रश्न असतो. अशांनी मेरी मॅलनची गोष्ट जरूर वाचावी.

मेरी १८६९ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मली. किशोरवयात अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करू लागली. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे इथल्या एका घरात ११ पैकी ६ जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर या अभियंत्याने माग काढला, तर तिच्या आधीच्या अनेक घरांतही हेच घडलेलं. मेरी मात्र धडधाकट! शिजताना जंतू मरतात. सोपरचा संशय होता कच्चे पीच घातलेल्या आइस्क्रीमवर. आपल्याकडे पकवानावरचा चिरलेला कांदा आणि चटणी त्याच जातीची.

१९०७ मध्ये तिला नॉर्थ ब्रदर बेटावर नेऊन ठेवलं. शौचाच्या तपासणीत जंतू वारंवार सापडले, पण आपल्यामुळे कुणी आजारी पडतं हे तिला कधीच पटलं नाही. अँटिबायोटिक्स तेव्हा नव्हतीच. पित्ताशय काढण्याचा सल्ला तिने नाकारला. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिची सुटका झाली. कपडे धुण्याच्या कामात मिळकत कमी. माझ्या मते व्यवस्था चुकली ती इथे. मेरी नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ मध्ये स्लोन प्रसूती रुग्णालयात २५ जण आजारी पडले, दोघे दगावले. पुढे १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती बेटावरच होती. तिथल्या प्रयोगशाळेत तिने काही वर्षं कामही केलं.

तुम्हाला बेटावर कुणी पाठवणार नाही. टायफॉइडचा जंतू असेल, तर पुन्हा तपासणी होऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नका. शिलाई, हिशेब अशी कामं चालतात. लघवीत किंवा त्वचेवर दुसरा जंतू असेल आणि लक्षणं नसतील, तर सहसा काम सोडावं लागत नाही. शौचानंतर आणि अन्नाला हात लावण्याआधी साबणाने २० सेकंद हात धुवा, जखम झाकून ठेवा, जुलाब लागले तर सुट्टी घ्या. टीबीचं मात्र वेगळं : डॉक्टर सांगेपर्यंत कामावर जाऊ नका, मास्क वापरा.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने जंतू आणखी निर्ढावतो. ॲडमिट व्हायची वेळ आली, तर मध्यवर्ती रुग्णालय असो की खासगी, जुना रिपोर्ट आधी दाखवा.