रुडॉल्फ डिझेल : उष्णतेशी हिशेब मांडणारा इंजिनिअर

ऐन आरतीच्या वेळी वीज गेली की मंडपामागचा जनरेटर धडधडू लागतो आणि बाप्पा पुन्हा उजळतात. त्या जनरेटरजवळ मात्र फार वेळ उभे राहवत नाही, इतका तो तापतो. वाचकहो, तो ताप म्हणजे आपल्या वर्गणीतून भरलेल्या तेलाचाच मोठा हिस्सा असतो! डिझेल हे तेलाचे नाव होण्याआधी एका माणसाचे आडनाव होते. आपल्यात रेल्वेची मंडळी पुष्कळ, म्हणून यंदा त्याच्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा छोटा धंदा होता. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि या कुटुंबाला लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवले. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक लाभले. बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत. त्यांच्या वर्गात त्याला कळले की वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्क्यांचेच काम करून देते. बाकीची जाते कुठे, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेलाच नाही.

त्याचे उत्तर सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्येच देऊन ठेवले होते. पाणचक्कीला जसे पाणी वरून खाली पडावे लागते, तसे इंजिनाला उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जावी लागते. वाटेत तिच्याकडून काम करून घ्यायचे. पण काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते. कमीत कमी किती सोडावी लागेल, हे फक्त त्या दोन तापमानांवर ठरते. यंत्र जर्मनीचे आहे की जमशेदपूरचे, याला तिथे किंमत नाही. कार्नो बिचारा १८३२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी पटकीने गेला.

डिझेलने ठरवले की या मर्यादेला भिडेल असे इंजिन बांधायचे. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी आणि इंधन आत शिरताच ठिणगीवाचून पेटावे. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये पुस्तक काढले. कागदावरचा हिशेब ७३ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. पण त्यासाठी हवेचा दाब हवा होता वातावरणाच्या २५० पट. असे सिलिंडर ओतणार कोण? आणि एवढा दाब देण्यातच इंजिनाची सगळी ताकद खर्च होणार. वर्कशॉपमध्ये उभा राहिलेला माणूस हे लगेच ओळखतो. डिझेललाही ते कळले आणि त्याने दाब बराच खाली आणला. माझ्या मते त्याचे मोठेपण ७३ च्या आकड्यात नाही, तो आकडा सोडून देण्यात आहे.

आउग्सबुर्गच्या कारखान्यात ऑगस्ट १८९३ मध्ये पहिली चाचणी झाली. इंधन पेटले खरे, पण दाब मोजणारे उपकरणच फुटले. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन मिनिटभर स्वतःच्या बळावर फिरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर मोजणी केली, तेव्हा सुमारे वीस अश्वशक्तीच्या त्या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. वाफेच्या इंजिनाच्या अडीच-तीन पट! तरी विरोधक गप्प बसले नाहीत. पेटंटमध्ये लिहिलेले इंजिन आणि प्रत्यक्ष उभे असलेले इंजिन वेगळे आहे, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. या वादांनी डिझेलची प्रकृती ढासळली. इंजिनाच्या हक्कांतून लाखो मार्क आले, पण जमिनीच्या व्यवहारात आणि इतर गुंतवणुकीत ते गेले. उष्णतेचा हिशेब चोख मांडणाऱ्याला घरचा हिशेब जमला नाही.

आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर आणि क्लोझ यांच्याबरोबर त्याने हजार अश्वशक्तीचे रेल्वे इंजिन बांधले. त्यात चाके थेट इंजिनालाच जोडलेली होती. पण उभी गाडी ओढून सुरू करणे डिझेल इंजिनाला जमत नाही, म्हणून त्याला दाबलेल्या हवेने ढकलावे लागे. हा गुंता पुढे विजेने सोडवला : इंजिनाने जनरेटर फिरवायचा आणि ती वीज ॲक्सलवरच्या ट्रॅक्शन मोटरला द्यायची. बनारसच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेली २६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ याच पद्धतीची. म्हणजे डिझेल लोको हे खरे तर रुळावर धावणारे छोटे वीजघरच! गावाकडे उसाच्या मळ्यात धडधडणारे किर्लोस्कर इंजिनही याच घराण्यातले.

आता जयपूरलाही तारा आल्या आहेत, म्हणून कार्नोपासून सुटका झाली असे समजू नये. कोटा आणि सुरतगड इथे कोळसा जाळूनही वीज होते. ५४० अंशांची वाफ आणि ४० अंशांचे थंड पाणी धरले तर कार्नोच्या सूत्राप्रमाणे कमाल ६१ टक्के मिळावेत. प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस टक्क्यांची वीज तारेत येते. जहाजांवरची अवाढव्य डिझेल इंजिने आज पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत.

ते पाहायला डिझेल राहिला नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीने अँटवर्पहून इंग्लंडला निघाला होता. जेवण करून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. वय ५५. आत्महत्या, घातपात, नाना तर्क झाले, पण कर्जाचा डोंगर मागे होता एवढे खरे. काही दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात प्रेत दिसले. त्यांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडले. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत, हे मुलाने ओळखले.