प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

आपल्या जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तेथील लोणी टाकळी या खेड्यात, आजोळी, ६ जुलै १८८१ रोजी गुलाबराव मोहोड यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ गाव माधान. वयाच्या नवव्या महिन्यात डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी कायमची गेली. आईचे छत्रही बालपणीच हरपले.

अशा मुलाने शिकावे तरी कसे? फ्रान्समध्ये लुई ब्रेल यांनी बोटांनी वाचावयाची ठिपक्यांची लिपी १८२९ सालीच प्रसिद्ध केली होती. परंतु आपल्या देशातील भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरावयास १९५१ साल उजाडले. गुलाबरावांच्या वाट्याला ती आली नाही. त्यांनी कानांचेच डोळे केले. दुसऱ्याने ग्रंथ वाचावा, यांनी एकचित्ताने ऐकावा व स्मरणात साठवावा, असा त्यांचा अभ्यास चाले. स्वतःचे ग्रंथही ते मुखाने सांगत आणि शिष्य ते उतरवून घेत.

१९०१ च्या सुमारास त्यांना आळंदीच्या ज्ञानेश्वर माऊलींचा अनुग्रह झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. मधुराद्वैत हे त्यांचे दर्शन. वेदान्ताबरोबरच डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. ज्याने अक्षर पाहिले नाही, त्याने नावंग नावाची नवी भाषाही रचली! २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस. मागे सव्वाशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ.

या चरित्रातील चमत्कार पुष्कळ सांगितले जातात. परंतु त्यांच्यासाठी तासन् तास वाचणारे आणि लिहिणारे हात क्वचितच कोणाला आठवतात. ते नसते तर एवढी प्रज्ञा मुकीच राहिली असती. असे वाचक न लाभलेली किती अंध मुले त्या काळी अंधारातच राहिली असतील!

आज वाचून दाखविण्याचे काम खिशातला मोबाईलही मराठीत करतो. मात्र त्याला अक्षरे ओळखता आली पाहिजेत. आपण वहीच्या पानाचे अंधुक छायाचित्र मित्राला पाठवितो, तेव्हा ते यंत्र बहुधा मुकेच राहते. तीच टिपणे युनिकोडमध्ये टंकलिखित केली, तर अंध मित्रालाही ती ऐकता येतील. परीक्षेत त्याचा लेखनिक होणे हेही आपल्या हाती आहे. महाराजांची जयंती साजरी करताना आपण एवढे तरी करू या.