बाळाची पहिली परीक्षा : डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

आम्ही शिक्षक मंडळी वर्षभर गुण देत असतो. पण माणसाची पहिली परीक्षा जन्मानंतर एका मिनिटातच होते. ही परीक्षा डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या बाईंनी सुरू केली.

त्यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. १९३३ साली त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. शस्त्रक्रिया करावी अशी त्यांची इच्छा. परंतु त्या कामात स्त्रीला कोण विचारणार? वरिष्ठांनी त्यांना भूल देण्याच्या विद्येकडे वळविले. त्यातच बाईंनी नाव काढले व १९४९ साली त्या प्राध्यापिका झाल्या.

बाळंतपणात कळा सोसवेनात म्हणून आईला औषधे व भूल देत. आईचा त्रास कमी होई, पण औषध वारेतून बाळालाही पोचे. एखादे बाळ निपचित, निळे जन्मे. औषधाने किती बिघडले हे सांगणार कसे? मोजमापच नव्हते. बाईंनी पाच खुणा ठरविल्या : हृदयाचे ठोके, श्वास, अंगाचा रंग, हातापायांतील जोर आणि डिवचल्यावर बाळ काय करते ते. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. १९५३ साली ही पद्धत छापून आली. हजारावर बाळांना गुण दिले, तेव्हा दिसले की, पोट चिरून केलेल्या बाळंतपणात आईला पूर्ण बेशुद्ध केले तर बाळाला गुण कमी पडतात. पाठीच्या कण्यात भूल दिली तर जास्त.

पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी बाळांचे रक्तही तपासले. सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू बाईंच्या विशेष आवडीचा. नेमका तोच बाळाला मंद करतो असे आढळले, आणि बाळंतपणात तो वापरणे त्यांनी सोडून दिले. आपल्याच परीक्षेत आपलेच औषध नापास करायला मोठे मन लागते.

आयांनी एक मात्र ध्यानात ठेवावे. बाळाला त्या घडीला मदत हवी का, एवढेच हे गुण सांगतात. पुढे ते हुशार निघेल की नाही, हे नव्हे.

१९५९ नंतर जन्मजात व्यंगांविषयी लोकांना समजावीत बाई ठिकठिकाणी हिंडल्या. छंद म्हणाल तर तंतुवाद्ये बनविण्याचा. इस्पितळातील टेलिफोनजवळची लाकडी फळी व्हायोलाच्या पाठीला उत्तम, म्हणून मैत्रिणीसह रात्री ती गुपचूप काढून नेली व जागी दुसरी बसविली! (विद्यार्थ्यांनी एवढे सोडून बाकीचे घ्यावे.) ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.