पंडिता रमाबाई आणि सेवेचे ऋण



काही वर्षांपूर्वी आमची आई सहा महिने अंथरुणाला खिळून होती. आम्हाला शाळा, वह्या तपासणे आणि घरचा व्याप. त्या दिवसांत शेजारची एक ख्रिस्ती बाई रोज सकाळी येई. आईची वेणीफणी करी, तिला पेज भरवी, कूस बदलून देई. आईने डोळे मिटले तेव्हा उशाशी तीच बसली होती. पुढे आम्ही तिच्यापुढे पैशाचे पाकीट धरले, तर तिने हात मागे घेतला. ज्याने काहीच मागितले नाही त्याचे ऋण फेडावे तरी कसे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडले. त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. पण त्यांनी सेवा केली ती आधी स्वतः दुसऱ्यांच्या हातची सेवा घेऊन, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हणून आज ती सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथील रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. ह्याच काळात आपले पूर्वज मुंबई इलाख्यातून जहाजे धरून मॉरिशसला येत होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनेच लहानग्या रमेला संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून झाले आणि उपासमार सुरू झाली. 1874 साली वडील गेले. थोड्याच काळात आईही गेली, आणि पुढे मोठी बहीणही. आई शेवटच्या घटका मोजत असताना रमा संकोचाने शेजारणीकडे गेली. शेजारणीने बाजरीची भाकरी दिली, पण आईच्या गळ्याखाली घास उतरला नाही. मृतदेह स्मशानात न्यावयास कोणी येईना. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून खांद्याऐवजी तिने तिरडी डोक्यावर घेतली.

आजाऱ्याला हात देणारा कोणी नसला म्हणजे काय होते, हे रमाबाई अशा रीतीने वयाच्या सोळाव्या वर्षी शिकल्या.

बहीणभावांनी नंतर हजारो मैल पायपीट केली. 1878 साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. नवरा दुसऱ्या जातीचा, म्हणून त्या काळी त्याचा मोठा गवगवा झाला. 1881 साली मनोरमा जन्मली आणि 1882च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. पदरी एक तान्ही मुलगी आणि माथी वैधव्य, अशा स्थितीत तेवीस वर्षांच्या रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. आपण स्वतःच डॉक्टर व्हावे म्हणून 1883 साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण कान मंद झाल्यामुळे तो बेत फसला.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी सेंट मेरी संघाच्या ख्रिस्ती भगिनींनी ह्या मायलेकींना आसरा दिला. त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीन ह्यांनी तर रमाबाईंना लेकीसारखे सांभाळले. मनोरमेचे दुखणेखुपणे आणि शिक्षणही त्यांनीच पाहिले. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. परक्या देशातल्या गोऱ्या संन्यासिनीला ह्या ब्राह्मणकन्येने आपल्या घरातले नाव दिले, ह्यातच सारे आले.

ह्या भगिनींनी रमाबाईंना हवापालटासाठी लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपल्या आश्रमात पाठविले. तेथे त्यांनी एक अपूर्व दृश्य पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना ह्या भगिनी न्हाऊ घालीत, जेवू घालीत, त्यांच्याशी प्रेमाने बोलत. अशा स्त्रियांना कोणी जवळ करतो हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. ह्या करुणेचे मूळ कोठे आहे, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचावयास मिळाली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी वाँटेज येथे मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपकार घेतले म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. इंग्लंडमध्येही त्या शाकाहारी राहिल्या. न पटणारे धर्ममत नुसते ऐकून घ्यावयास त्यांनी नकार दिला, आणि त्यावरून आजीबाईंशी त्यांची पत्रांतून कडक वादावादी झाली. तरी माया तुटली नाही. कृतज्ञता म्हणजे ताबेदारी नव्हे, हे आम्हाला त्यांच्याकडून शिकावेसे वाटते.

बाप्तिस्मा घेतला तरी मनाला शांती नव्हती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की देवाची कृपा पुण्याई साठवून विकत घेता येत नाही, ती हात पसरून घ्यावी लागते. कृपा हा शब्द आपल्या संतांच्या अभंगांतही आहे. लेकराने काही न करता आईने त्याला उचलून घ्यावे, तशी ती असते.

1886 साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभास त्या हजर होत्या. तेथे त्यांनी हिंदू विधवांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगावी व्याख्याने दिली. बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन निघाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंशी पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे ह्यांनी विवाह केला.

त्याच 1893 साली वादळ उठले. शारदा सदनात कोणाच्या धर्माला हात लावला जाणार नाही असे ठरले होते. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. केसरीने कडक टीका केली. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली धाडणाऱ्यांना फसवणूक वाटली ह्यात नवल नव्हते. आपले दार उघडे असते, ज्याला यावयाचे त्याने यावे, एवढेच रमाबाईंचे म्हणणे होते. आम्ही येथे न्यायनिवाडा करीत नाही. पण चांगल्या माणसांचे हेतू शुद्ध असूनही मने दुखावतात, हे शिक्षकाने तरी विसरू नये.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंच्या डोळ्यांपुढे आपल्या आईचे मरण उभे राहिले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगावर फोड, डोक्यात उवा. पुण्याजवळ केडगाव येथे आधीच घेतलेल्या जमिनीवर त्यांनी ह्या मुलींना ठेवले. तेच मुक्ती सदन. सदनातल्या थोरल्या मुलींनी नव्या मुलींना न्हाऊ घालावे, त्यांच्या जखमा धुवाव्या, असा तेथला रिवाज पडला. काल जिची सेवा झाली तीच आज दुसरीची सेवा करू लागली.

1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या शेकड्यांवरून हजाराच्या वर गेली. विणकाम, छापखाना, दूधदुभते, तेलाचा घाणा, शेती, सारे मुलीच चालवीत. मनोरमा आंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकवी. म्हाताऱ्या व पंगू बायांसाठी प्रीती सदन होते. फुलहॅमला पाहिले होते तसल्या टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळे घर होते आणि त्याचे नाव कृपा सदन. वाँटेजच्या भगिनींचे ऋण रमाबाईंनी वाँटेजला परत पाठविले नाही. ते केडगावात फेडले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत उतरविले. 1921 साली मनोरमा त्यांच्या आधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे काम आजही चालू आहे.

सेंत-क्रुआ येथे पेर लावालच्या समाधीवर आपल्यातलेही कित्येक जण मेणबत्ती लावून येतात. सेवा करणाऱ्याचा धर्म विचारू नये, हे ह्या बेटावर आपल्याला शिकवावे लागत नाही. पण मेणबत्तीवर भागत नाही. आपापल्या गल्लीत कोण आजारी आहे, कोण एकटे आहे, आणि त्याची उशी कोण सारखी करते, हे पाहणे आपल्या हाती आहे.

आमची ती शेजारीण आता थकली आहे. गुडघे धरले आहेत, मुले परदेशी आहेत. पाकीट तिने घेतले नाही, पण पेजेची वाटी घेईल असे वाटते. उद्या सकाळी शाळेत जाण्याआधी आम्ही तिच्याकडे जाणार आहोत.